ऑनलाइन तासाचा हिशेब

ऑनलाइन शिकवलं की प्राध्यापकाचा वेळ वाचतो, हा समज कोरोना सरला तरी महाविद्यालयांतून हललेला नाही. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला यायला नको, धडा एकदा रेकॉर्ड केला की दोन-तीन वर्षं बघायला नको, असं सांगणारे जागोजागी भेटतात. घाटाचा वेळ वाचतो, एवढंच त्यात खरं.

वर्गात मुलांचे चेहरे पाहून जो मुद्दा पाच मिनिटांत पुन्हा समजावता येतो, त्याच्यासाठी इथे स्लाइड करा, आवाज भरा, चुकलं की पुन्हा भरा, फाइल लहान करून पाठवा. मग व्हॉट्सअ‍ॅपवर शंका सुरू. रात्री साडेदहाला एकाची, अकराला तीच दुसऱ्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा कार्यभार 40 तासांचा, त्यात प्रत्यक्ष अध्यापन 16 तास. रात्रीची ही उत्तरं त्यात कुठे धरायची? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तर घेतलेल्या तासिकेचेच पैसे मिळतात. त्याची ही मेहनत सरळ फुकट जाते, आणि हा अन्याय आहे.

दुसरं मत शिस्तीचं: कॉलेजचं वेळापत्रक जसंच्या तसं पडद्यावर चालवा. मेळघाटात हे चालत नाही. इथल्या कितीतरी मतदान केंद्रांना फोन लागत नाही म्हणून निवडणुकीत निरोपाची वेगळी सोय करावी लागते. हतरूकडच्या गावातल्या कोरकू मुलाला सकाळी अकराच्या ठोक्याला रेंज मिळेलच, हे कोणी धरून चालावं? पावसाळ्यात वीजही जाते. सलग पाच तासिका घेणारा प्राध्यापक दमतो आणि निम्मा वर्ग गैरहजर राहतो.

या दोन्हींपेक्षा वेगळी वाट आहे. मे 2021मध्ये यूजीसीने मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला. एखाद्या विषयाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची सूचना त्यात होती. तो भाग नेटका बसवता येतो, फक्त वेळेची मांडणी बदलायला हवी. समजावून सांगण्याचा भाग दहा मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये द्यावा. ती दोन-अडीच एमबीत बसते, व्हिडिओ कित्येक पटींनी जड होतो. मुलगा बाजाराला आला, रेंज मिळाली, की उतरवून घेतो आणि घरी पुन्हा पुन्हा ऐकतो. पडद्यावरचा थेट तास आठवड्यातून एकच, तोही फक्त चर्चेचा. झूमच्या फुकट सोयीतली 40 मिनिटं त्याला पुरतात. शंका गुरुवारपर्यंत गोळा कराव्यात, सारख्या शंका एकत्र बांधाव्यात आणि एकदाच उत्तर द्यावं. पुढच्या वर्षी निम्मी उत्तरं तयार असतात. वेळ खरा वाचतो तो इथे.

यावर आक्षेप येतो, की शंका त्याच क्षणी सुटली पाहिजे, नाहीतर मुलगा मागे पडतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे मान्य. एरवी दोन दिवस थांबलेला मुलगा बहुतेक वेळा पुस्तक उघडतो, मित्राला विचारतो.

मात्र ही मांडणी प्राध्यापकाच्या एकट्याच्या हिमतीवर टिकणार नाही. व्हॉइस नोट तयार करणं आणि शंकांना उत्तरं देणं यांचे तास प्राचार्यांनी कार्यभाराच्या तक्त्यात वेगळे दाखवावेत, आणि तासिका तत्त्वावरच्यांना या तासांचंही मानधन द्यावं.