रंगमंडपाखालीं जाणारी शेतजमीन

शहराच्या वेशीलगतच्या गांवांत अलीकडे एक नवीन प्रकारचें गिऱ्हाईक येऊं लागलें आहे. पूर्वीं कारखानदार येत, मागाहून घरें बांधणारे आले; आतां गाण्याबजावण्याचे जलसे भरविण्यासाठीं जागा पाहणारे येतात. मधोमध रंगमंडप, त्यासमोर हजारों श्रोत्यांस पुरेल एवढें पटांगण, भोंवतीं उपाहारगृहें, दुकानें, मुलांचे खेळ आणि मोटारी उभ्या करण्याचा तळ, असा हा संसार असतो. त्यास सलग जमीन लागते, व ती शहरांत मिळत नसल्यामुळें शेतकऱ्याच्या दारीं यावें लागतें. अशा प्रसंगीं शेतकऱ्यानें काय करावें, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक संगीताचा वैरी नाहीं. भजन, कीर्तन, तमाशा ह्यांवांचून आमचा गांव कधीं राहिला नाहीं. परंतु जत्रा उठली म्हणजे माळ पुन्हां गुरांना मोकळा होत असे. हा नवीन मंडप एकदां बसला म्हणजे उठत नाहीं. सबब प्रश्न गाण्याचा नसून जमिनीच्या मालकीचा आहे.

ह्या बाबतींत अमेरिकेंतील एक उदाहरण मननीय आहे. वॉशिंग्टन राजधानीच्या उपनगरी भागांत, व्हर्जिनिया राज्यांतील व्हिएन्ना गांवाजवळ, ‘वुल्फ ट्रॅप’ नांवाचें शेत होतें. कॅथरीन फायलीन शाउस ह्या बाईंनीं तें १९३० सालीं घेतलें. पुढें राजधानी फुगत चालली, विमानतळाचा रस्ता जवळून गेला, आणि आसपासचीं शेतें घरांखालीं जाऊं लागलीं. तेव्हां बाईंनीं आपल्या शेतापैकीं १०० एकर जमीन, मंडप उभारण्यासाठीं लागणाऱ्या द्रव्यासह, राष्ट्रास दान केली. व १९६६ सालीं तेथील विधिमंडळानें कायदा करून ती जागा संगीतनाट्यादि कलांसाठीं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेविली. १९७१ सालीं मंडप खुला झाला. सुमारें ७,००० श्रोते तेथें बसतात. कांहीं छपराखालीं, कांहीं उतारावरील हिरवळीवर. जमीन सरकारच्या उद्यानखात्याकडे आणि जलशांची व्यवस्था एका स्वतंत्र संस्थेकडे, अशी वांटणी आहे. १९८२ सालीं तो लांकडी मंडप आगींत जळून गेला. जमीन व्यापाऱ्याच्या हातीं असती, तर त्या राखेवर भूखंडांचे दगड रोवले गेले नसते, अशी हमी कोणी दिली असती? परंतु कायद्यानें जागेचा उपयोग बांधून टाकिला होता. १९८४ सालीं मंडप पुन्हां उभा राहिला.

आतां दुसरी बाजू. आरंभीं त्या उद्यानाच्या नांवांत ‘शेत’ हा शब्द होता. २००२ सालीं नांव बदललें, तेव्हां तो गळला. झाडें व हिरवळ राहिली, पण नांगर गेला आणि शेवटीं पाटीवरूनहि शेत गेलें. उत्तम व्यवस्थेची जर ही गत, तर निष्काळजी व्यवहाराची कोणती होईल?

वाचक म्हणतील, त्या बाई बोस्टनच्या धनाढ्य व्यापाऱ्याची कन्या. आमच्या डोक्यावर सोसायटीचें कर्ज आहे, आम्हीं दान कोठून करावें? आक्षेप रास्त आहे. महसूल खात्यांत असतां एक बिगरशेती परवानगीचें प्रकरण माझ्या टेबलावर आलें होतें. चार भावांची सामाईक जमीन एका जलसेवाल्या मंडळीनें खरेदीखतानें घेतली होती. कागद नियमास धरून होते. त्यावर टिप्पणी मींच लिहिली. रक्कम चार वांट्यांत विभागली, ती लग्नांत, मोटारींत आणि घराच्या मजल्यांत गेली. कांहीं वर्षांनीं त्या बाजूस गेलों, तों धाकटा भाऊ गणवेश घालून मोटारी लावून घेत होता. ज्या जागीं तो उभा होता तेथें पूर्वीं त्यांची विहीर होती. त्यानें मला ओळखलें, “रामराम, भाऊसाहेब” म्हणाला, आणि पुढच्या मोटारीकडे वळला. टिप्पणींत चूक नव्हती. तरी तो रामराम मला अजून टोंचतो.

ह्यावर उपाय नाहीं असें नाहीं. पुण्याजवळ हडपसर येथें मगरपट्ट्याच्या सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढिली, व ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा ठेवून तेथें नगर वसविलें. सुटा शेतकरी दलालापुढें दुबळा ठरतो. बांधाला बांध लावून उभे राहिलेले शेतकरी अटी घालूं शकतात.

म्हणून माझें मत असें. जमीन विकूं नये, मुदतीच्या भाडेपट्ट्यानें द्यावी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीवांचून कायद्यांत टिकत नाहीं. सबब तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद झाली कीं नाहीं हें उतारा काढून स्वतः पाहावें. भाडें ठराविक वर्षांनीं वाढावें, आणि सरकारदेणें कोणीं भरावें तें पट्ट्यांतच लिहावें. वरची फूटभर काळी माती मुरूम पसरण्यापूर्वीं काढून एका कडेला रचून ठेवण्याची अट घालावी. एकदां तीवर मुरूम पडून रोलर फिरला, कीं नातवाच्या हयातींतहि ती जमीन पूर्ववत् होणें कठीण. ओढा व पाट बुजवूं नयेत. शेजाऱ्यांनींहि जाणून असावें कीं, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें उघड्यावर रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें, पण तीहि वर्षांतून १५ दिवसांपलीकडे नाहीं.

भाडेपट्ट्यानें हातीं एकरकमी पैसा कमी येतो, व भावाभावांत एकमत होणें कठीण असतें, हें मी जाणतों. परंतु एकरकमी पैसा एकदांच येतो, आणि कब्जेदार म्हणून असलेलें नांव पिढ्यांस पुरतें. शहरच्या लोकांनीं आमच्या माळावर गाणीं खुशाल ऐकावीं. माळ कोणाचा, ह्याचें उत्तर मात्र सातबाऱ्यावर आमच्याच मुलांच्या नांवें राहावें, एवढी दक्षता आमच्या शेतकरी बंधूंनीं घ्यावी, अशी विनंति आहे.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून