ऑइल सील स्वस्त असेल, तुमची तपासणी नाही!

अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर पळणाऱ्या एटीव्हीच्या इंजिनातून तेल गळायला लागलं की मालक गॅरेजवाल्याला एकच विचारतो, "सील केवढ्याला?" आणि तुम्ही सीलच्या किमतीवर थोडी मजुरी चढवून मोकळे होता. माझं स्पष्ट मत आहे, धंदा इथेच बुडतो.

सील बदलणं सोपं आहे हो. जुन्यावर 20×35×7 लिहिलंय? आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, लिपला ग्रीस, शाफ्टच्या खाचांवर टेप, नाहीतर बसवतानाच लिप कापली जाते. झालं.

पण ते गळलं का? ब्रीदर वाळू-चिखलाने चोंदला असेल तर इंजिनात दाब वाढतो आणि नवंकोरं सीलही तेल सोडतं. शाफ्टवर लिप घासते तिथे नख फिरवा. नख अडकलं, तर तिथे चर पडलाय; नुसतं सील टिकणार नाही. मग ऐन शनिवारी, पर्यटकांच्या गर्दीत, तीच गाडी पुन्हा तुमच्या दारात. दुसऱ्यांदा उघडायची मजुरी कोण देणार? तुम्हीच!

म्हणून बिलात "तपासणी" ही वेगळी ओळ टाकाच. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू द्या. चोंदलेला ब्रीदर त्याच्या हातात ठेवा, शाफ्टवर त्याचंच नख फिरवायला लावा. तरीही नकोच म्हणाला, तर बिलावर "फक्त सील बदललं, गॅरंटी नाही" असं लिहून सही घ्या.