गदा उचलू नका, सोडा!

गदा म्हटलं की डोळ्यासमोर दोन चित्रं येतात. एक मारुतीरायाच्या खांद्यावरची. दुसरी चांदीची, महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावरची. 1961 साली सुरू झालेल्या या स्पर्धेतला विजेता गदा घेऊन गावात शिरतो, तेव्हा गुलालात कोण कुणाला ओळखत नाही. आता तिसरं चित्रही दिसायला लागलंय. एसी जिम, ब्रँडेड टी-शर्ट, हातात लांब दांडीचा लोखंडी गोळा आणि चेहरा टोमॅटोसारखा लाल! या प्रकाराला तिथे म्हणतात ‘स्टील मेस’. अहो, ही आपलीच गदा, फॉरेन रिटर्न! तालमीत बांबूच्या किंवा लाकडाच्या दांडीवर दगडाचा नाहीतर सिमेंटचा गोळा असतो, इथे सगळं पोलादी. कार्ल गॉचसारख्या परदेशी कुस्तीगिरांनी आपले जोर, बैठका आणि गदा उचलली, मग ती तिकडच्या जिममध्ये शिरली आणि तिथून किंमत वाढवून परत आली. असो.

मुद्दा आहे तो त्या लाल चेहऱ्याचा. तालमीतला मुरलेला पैलवान गदा फिरवताना बघा. जोर लावतोय असं वाटतच नाही. आणि आपला जिमवाला हीरो दहाव्या फेरीला दातओठ खातो. फरक ताकदीचा असतोच, पण त्याहून मोठा फरक टेक्निकचा आहे.

थोडं नववीचं फिजिक्स, घाबरू नका. पाच किलोचा डंबेल धरलात की वजन मुठीतच असतं. पाच किलोच्या गदेचं वजन मुठीपासून जवळपास मीटरभर लांब असतं. म्हणून ती दिसते त्यापेक्षा कितीतरी जड लागते. हात दांडीवर अर्ध्यापर्यंत वर सरकवले, तर दांडीचं वजन सोडून, तीच गदा तोलायला निम्मी आणि फिरवायला चौथ्या हिश्श्याइतकी होते. म्हणजे नवशिक्याला हलकी गदा विकत घ्यायची गरज नाही, हात वर धरले की काम झालं. रोज बोटभर खाली सरका.

दुसरा फंडा लंबकाचा. एक मीटर लांबीचा लंबक या टोकाकडून त्या टोकाला जायला साधारण एक सेकंद घेतो. गोळा दोन किलोचा असो की दहा किलोचा, वेळ तीच! पाठीमागे लटकणारी गदा बऱ्याच अंशी असाच लंबक असते. तिचा वेग ती ठरवते, तुम्ही नाही. तिला घाईने ओढलंत की खांदा आणि मनगट भांडायला लागतात, आणि या भांडणात गदा हरत नाही.

आता प्रत्यक्ष फेरी, जिला जिममध्ये ‘थ्री-सिक्स्टी’ म्हणतात. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा, गुडघे किंचित सैल. दोन्ही मुठी एकमेकींना चिकटवून गदा छातीसमोर उभी धरा, गोळा वर. आता ती एका खांद्याकडे नुसती कलती करा. ढकलणं संपलं! गोळा खांद्यावरून मागे पडू दे. मुठी डोक्याच्या मागे, अगदी जवळ. कोपरं वर, आभाळाकडे. गोळा सरळ खाली कमरेपर्यंत लोंबला पाहिजे आणि तिथून स्वतःच दुसऱ्या बाजूला वर चढायला लागला पाहिजे. तो चढायला लागला की मग, त्याच्या आधी नाही, कोपरं खाली खेचत गदा दुसऱ्या खांद्यावरून पुढे आणा. हा खेच दंडाचा नाही, पाठीच्या रुंद स्नायूंचा, लॅट्सचा. पुढे आली की श्वास सोडा, क्षणभर थांबा, मग पुढची फेरी.

बहुतेकांची गाडी अडते ती मागच्या भागात. गोळा खाली सोडायची भीती वाटते, म्हणून ते तो डोक्याभोवती आडवा फिरवतात, हेलिकॉप्टरसारखा. मग दांडी घट्ट आवळली जाते, पुढचे हात पेटतात आणि वाटतं की वा, काय वर्कआउट झालाय! खरं तर पाठ आणि खांद्यांच्या वाट्याला फारसं काही आलेलंच नसतं. मित्राला मागून मोबाइलवर शूट करायला सांगा. गोळ्याची वाट U अक्षरासारखी दिसली तर उत्तम. आडव्या ताटलीसारखी दिसली तर हात वर सरकवा आणि पुन्हा.

आणि आता जरा सीरियस. दिवसाचे नऊ-दहा तास कीबोर्डवर वाकलेल्या माणसाचे खांदे पुढे आलेले असतात आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असतो. अशा पाठीने हात डोक्यामागे न्यायचे म्हटलं तर ती बिचारी जागा कुठून आणणार? कंबरेतून. बरगड्या पुढे, कंबर कमानीसारखी आणि त्यावर लोंबणारं वजन. मग ज्या दुखण्यासाठी व्यायाम सुरू केला तेच बक्षीस म्हणून मिळतं.

म्हणून आधी भिंतीची टेस्ट. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा चार-पाच इंच पुढे. कंबर भिंतीला टेकलेली ठेवून दोन्ही हात सरळ डोक्यावर न्या. कंबर न सुटता अंगठे भिंतीला लागले? पास! नाही लागले तर काही दिवस भिंतीला पाठ लावून हात वर-खाली सरकवा आणि नुसत्या टॉवेलची टोकं धरून खांदे फिरवा. गदा कुठे पळून जात नाही. फिरवतानाही पोट आणि नितंब घट्ट ठेवा, बरगड्या खाली. खांदा आधी कधी निखळला असेल किंवा मानेचा स्पॉन्डिलायटिस असेल, तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय हात लावू नका. इथे हिरोगिरी नको.

थ्री-सिक्स्टी जमली की ‘टेन टू टू’. नाव घड्याळाच्या काट्यांवरून आलंय. गदा पुढे मधोमध आणायचीच नाही, डोक्यामागून दहाच्या काट्यावर, तिथून परत दोनच्या काट्यावर. पुढे विश्रांती नसल्याने ही जास्त दमवते. माझ्या मते पहिला महिना हिच्या नादी लागू नये.

किती करायचं? आठवड्यातून तीन दिवस पुरे. चार-पाच किलोची गदा, एका दिशेला आठ फेऱ्या, मग दिशा आणि वरचा-खालचा हात दोन्ही बदलून आठ. असे पाच राउंड, मध्ये मिनिटभर दम. पहिली वाकडी फेरी आली की तो सेट तिथेच संपवा, आकडा पूर्ण करायला म्हणून ओढू नका. तालमीतल्या शेकड्यांच्या गप्पा ऐकून तर मुळीच नाही. त्या पठ्ठ्यांची वर्षानुवर्षं त्यात गेलेली असतात, आणि खुराकही तुमच्या डब्यापेक्षा वेगळा असतो. सोळाच्या सोळा फेऱ्या सारख्या दिसल्या आणि पकड सैल राहिली की पुढचं वजन घ्या. एकदम दुप्पट नको, किलो-दोन किलोची वाढ भरपूर झाली.

शेवटचं, जागेचं. वन बीएचकेच्या हॉलमध्ये गदा फिरवायची असेल तर आधी वर पंख्याकडे बघा. गच्ची किंवा सोसायटीचा मोकळा कोपरा बरा, चारी बाजूंना दोन-अडीच मीटर रिकामे आणि मागे कुणी उभं नाही याची खात्री. मुंबईच्या दमट हवेत गुळगुळीत दांडी साबणासारखी निसटते, म्हणून टॉवेल हवाच. तालमीत पैलवान हाताला लाल माती चोळतात. तुमच्याकडे ती नसेल तर जिमवाल्यांचा चॉक चालेल.