वडजीचा गुलाब का नको?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात कुणी प्रेमानं फूल घ्यायला निघालं की हातात पडतो तो लांब दांड्याचा, सेलोफेनमध्ये गुंडाळलेला डच गुलाब. मावळात तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊस, मग शीतगृह, मग गाडी, असा प्रवास करून तो आपल्यापर्यंत पोचतो. इकडे आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, वडजीला, उघड्या रानात देशी गुलाब फुलतो. तो सुटा, किलोवर विकला जातो, हारात ओवला जातो, त्याचा गुलकंद आणि गुलाबपाणी होतं. प्रेयसीला किंवा बायकोला मात्र तो कुणी देत नाही. त्याची जी कारणं ऐकू येतात, त्यातलं एकही मला पटत नाही.

म्हणे, हा देवाचा गुलाब. निदान सोलापूरकरानं तरी असं म्हणू नये. संक्रांतीची आपली गड्ड्याची जत्रा हा मुळात लग्नसोहळा आहे. सिद्धरामेश्वरांवर मन जडलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, अशी कथा आहे. त्याच लग्नाच्या अक्षता संमती कट्ट्यावर दरवर्षी पडतात आणि सारं शहर वऱ्हाडी होतं. एका मुलीच्या प्रेमाचा एवढा मान ज्या गावात राखला जातो, तिथं देवाचं फूल वेगळं आणि प्रेमाचं वेगळं कसं? शिवाय मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही घरांत संध्याकाळी गजरा आणणारा नवरा आपण पाहिलेला आहे.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा, आणि तो खरा आहे. डच गुलाब पाण्यात आठवडाभर उभा राहतो, देशी गुलाब दोन दिवसांत पाकळ्या टाकतो. पण त्या आठवड्याची किंमत प्लास्टिकच्या छताखाली, भुरी-डाऊनीसारख्या रोगांवरच्या फवाऱ्यांत आणि शीतगृहाच्या विजेत मोजलेली असते. टिकण्यासाठी निवडलेल्या कित्येक वाणांचा वासही गेला. देशी गुलाबाचा वास दाराशीच कळतो.

उघड्या रानातलं सगळंच निर्मळ असतं, असं मी म्हणणार नाही. मावा तिथंही पडतो, औषध तिथंही मारावं लागतं. केवळ जवळचं म्हणून चांगलं, हेही खरं नाही. केनियातून विमानानं ब्रिटनला येणारा गुलाब आणि शेजारच्या हॉलंडमधला तापवलेल्या काचघरातला गुलाब यांची तुलना 2007 साली क्रॅनफिल्ड विद्यापीठानं केली. कार्बनचा भार हॉलंडच्या गुलाबाचाच कितीतरी जास्त निघाला. म्हणून फूल कुठून आलं याबरोबर ते कसं वाढलं, हेही विचारावं. आपल्याकडे ऊन फुकट आहे, तोटा पाण्याचा आहे. ठिबकवरचं, उन्हात वाढलेलं, त्याच सकाळी खुडलेलं फूल या हिशोबात सरस ठरतं.

‘मग फूल तोडायचंच कशाला, प्लास्टिकचं द्या’ या सल्ल्याचा मला खरोखर राग येतो. ते फूल कुजत नाही, मातीला काही देत नाही आणि शेतकऱ्याचा बाजार मात्र खातं. विधिमंडळाच्या 2025च्या पावसाळी अधिवेशनात अशा फुलांवर बंदीची मागणी झाली, ती उगाच नव्हे.

बुकेच्या तळातली ती हिरवी स्पंजची वीटही एकदा चिमटीत चुरून पाहा. बोटांना जी भुकटी लागते ते प्लास्टिकच, आणि ते पुढं गटारात जातं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं 2021पासून आपल्या प्रदर्शनांत ती बंद केली. आपल्याला तर तिची गरज कधीच नव्हती. केळीचं पान आहे, सुतळी आहे, आणि नंतरही वापरात राहील असा सोलापुरी नॅपकिन आहे.

मावळच्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. त्याला पुण्या-मुंबईचं आणि परदेशाचं गिऱ्हाईक आहे. इथल्या गुलाबाला गिऱ्हाईक मुख्यतः हाराचं. हारासाठी फूल देठाशीच खुडतात, म्हणून ते किलोवर जातं. दांड्यासकट मागणी आली, तर तेच फूल नगावर विकलं जाईल आणि शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडतील. तेव्हा आदल्या दिवशीच हारवाल्याला सांगून ठेवा: वीतभर दांड्याचे, अर्धवट उमललेले गुलाब, सोबत मरव्याच्या दोन काड्या, सुतळीनं बांधून. मार्चनंतर विचाराल, तर मोगरा.