इटालियनकडे मराठीतून जावे

इटालियनचे प्राथमिक धडे गिरवणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने इंग्रजी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकालाच प्रमाण मानू नये, असे आमचे मत आहे. ही पुस्तके इंग्रजी भाषकाच्या अडचणी गृहीत धरतात. आपल्या अडचणी वेगळ्या आहेत. 'तो गेला', 'ती गेली' यांसाठी इटालियनमध्ये 'ए आन्दातो', 'ए आन्दाता' म्हणतात. कर्त्याच्या लिंगानुसार रूप बदलणे इंग्रजी भाषकाला नवे, आपल्याला घरचे. इटालियन 'त', 'द' दन्त्यच आहेत. त्यांचे 'ट', 'ड' आपण इंग्रजीच्या सवयीने करतो. 'पाला' म्हणजे फावडे, 'पाल्ला' म्हणजे चेंडू, हा द्वित्ताचा भेद 'कला' आणि 'कल्ला' यांतला फरक जाणणाऱ्याला समजावून द्यावा लागत नाही.

आपली खरी कसोटी अन्यत्र आहे. मराठीत नसलेल्या निश्चित उपपदाची तेथे ७ रूपे आहेत. नपुंसकलिंग नसल्याने आपले 'पुस्तक' तेथे पुल्लिंगी होते.

म्हणून प्रत्येक नियमाशेजारी मराठी उदाहरण लिहून पाहावे. चौदाव्या शतकाच्या आरंभी लोकभाषेच्या थोरवीवर ग्रंथ लिहिणाऱ्या दान्तेकडे जाताना तरी आपण आपली भाषा दाराबाहेर ठेवू नये.