वारली चित्र चालतं, मग वारली चेहरा का नाही?

वारली चित्र आज कुठे दिसत नाही? कुर्त्यावर, चहाच्या मगवर, मोबाइलच्या कव्हरवर, मुंबईतल्या कॅफेच्या भिंतीवर, सगळीकडे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला जीआय मानांकन मिळालं. डहाणू-तलासरीची कला जगभर गेली. आता एक सोपा प्रश्न. मुख्य भूमिकेत वारली मुलगा किंवा मुलगी आहे असा एक तरी गाजलेला सिनेमा पटकन सांगता येतो का? बघा आठवून.

हा प्रश्न फक्त आपला नाही. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' हे कार्टून आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलंय. त्यातलं जग आशियाई आणि इन्युइट संस्कृतींवर उभं आहे. त्यावर सिनेमा करायचं ठरलं आणि २००८ च्या शेवटी कलाकारांची नावं बाहेर आली, तेव्हा मुख्य भूमिकांत गोरी पोरं! फॅन्स भडकले. त्यांनी पत्रांची मोहीम काढली, 'रेसबेंडिंग' नावाची संघटना उभी केली आणि बहिष्काराची हाक दिली. त्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट फार बोलकी होती. मुख्य भूमिकांसाठीच्या जाहिरातीत गोऱ्यांना पसंती होती, पण गर्दीतल्या लोकांना मात्र आपापल्या पारंपरिक वेषात यायला सांगितलं होतं. म्हणजे पोशाख तुमचा, गर्दी तुमची, गोष्ट तुमची आणि हिरो आमचा.

याला इंग्रजीत व्हाइटवॉशिंग म्हणतात. मराठीत सरळ चुना मारणं. आणि चुना लावणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये 'सैराट' आला. अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू आणि करमाळा तालुक्यातला आकाश ठोसर. दोघंही सावळे, दोघंही नवखे. मराठीतला तोवरचा सगळ्यात जास्त कमाई करणारा सिनेमा या दोघांच्या खांद्यावर उभा राहिला. दोन वर्षांनी त्याचा हिंदीत 'धडक' झाला. हिरो-हिरॉईन फिल्मी घरातले, गोरे, गुळगुळीत. आणि गंमत बघा, चेहरे बदलले तशी जातही धूसर झाली. जो मुद्दा 'सैराट'चा कणा होता, तोच बाजूला पडला. आपल्याकडे रंग बदलतो तेव्हा फक्त रंग बदलत नाही, तो असा. त्या वेळी मराठी पोरांनी सोशल मीडियावर जी धुलाई केली, ती निव्वळ गाण्यांसाठी नव्हती.

याची उलटी बाजूही आहे. सावळी भूमिका असली तरी सावळा कलाकार मिळत नाही म्हणे. २०१९ च्या 'बाला'मध्ये काळ्या रंगामुळे हिणवल्या जाणाऱ्या मुलीची भूमिका होती, आणि त्यासाठी भूमी पेडणेकरचा चेहरा मेकअपने काळा केला. रंगभेदाविरुद्धचा सिनेमा आणि त्यातच ही तऱ्हा! सत्यजित राय यांच्यासारख्या दिग्दर्शकालाही 'अरण्येर दिन रात्री'मध्ये संथाळ मुलगी म्हणून सिमी गरेवालच दिसली, तीही काळा रंग लावून.

आता कुणी म्हणेल, भावा, अभिनय म्हणजेच दुसऱ्याचं होणं. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा 'जैत रे जैत' बघ. ठाकरांचा नाग्या डॉ. मोहन आगाशेंनी केला, चिंधी स्मिता पाटीलनं केली. 'आक्रोश'मधला लहान्या भिकू ओम पुरींनी केला. कमी पडले का ते? अजिबात नाही. ती कामं आजही अंगावर येतात, आणि ती त्यांनी करायला नको होती असं मी म्हणणार नाही.

पण मग हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू द्या ना. पुण्याचा नट ठाकर होऊ शकतो, तर तलासरीची मुलगी दादरची डॉक्टर का होऊ शकत नाही? तिला सदाशिव पेठेतली सून म्हणून कुणी घेईल? तिथे लगेच 'लूक बसत नाही', 'भाषा शुद्ध नाही' अशी कारणं येतात. शहरी नटाला आपली बोली शिकवायला माणूस ठेवतात, आपल्या पोरांना त्यांची भाषा शिकवायला कुणी ठेवत नाही. खरा अन्याय मेकअपच्या डब्यात नाही, या एकतर्फी वाहतुकीत आहे.

समजा, उद्या कुणी गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकावर वेब सिरीज काढली. साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक, तलासरीत त्यांच्या नावाचं कॉलेज. १९४५ मधली झरीची सभा, वेठबिगारीविरुद्धचा उठाव, तलवाड्याच्या गोळीबारात गेलेला जेठ्या गांगड, सगळा मसाला तयार आहे. त्यात गोदाताईंची भूमिका कुणाला मिळेल यावर बातम्या होतील. जेठ्या गांगड कोण करेल? आणि झरीच्या सभेतली गर्दी? गर्दीसाठी आपल्याकडे गाडी नक्की येईल. आपल्याच आजोबांच्या लढ्यात आपण मागच्या रांगेत, रोजंदारीवर!

बोलायचं असेल तर आधी बोललं पाहिजे. ट्रेलर आल्यावर मीम करून काही होत नाही, तोवर पैसे वाटून झालेले असतात. आदिवासी कथेवर काम सुरू झाल्याचं कळलं की पहिला प्रश्न हा हवा, की ऑडिशन कुठे आहे? अंधेरीतच, की डहाणू, कासा, तलासरीतही? नागराज मंजुळेंना 'फँड्री'चा जब्या गावातच सापडला. त्या सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे टॅलेंट नसतं हे कारण कधीच बाद झालंय. आणि कॅमेरा तरी कुठे लांब आहे? रामानंद सागरांचं 'रामायण' तलासरीच्या शेजारी, उंबरगावच्या स्टुडिओत शूट झालं.

थोडं आपल्यालाही करावं लागेल. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तारपा ठीक आहे, पण एकांकिकेत लीड कुणाला देतो आपण? वारली बोलणाऱ्या मुलीला नेहमी मोलकरीणच का मिळते? रीलवर टाकण्याआधी स्वतःचाच रंग दोन शेड उजळ का करतो?

'एअरबेंडर'चा सिनेमा २०१० मध्ये तसाच आला, सडकून टीका झाली आणि वर्षातला सर्वांत वाईट सिनेमा म्हणून त्याला रॅझी पुरस्कार मिळाला. फॅन्स मात्र गप्प बसले नाहीत. २०२४ मध्ये तीच गोष्ट नेटफ्लिक्सवर पुन्हा आली तेव्हा मुख्य भूमिकांत आशियाई आणि मूळनिवासी वंशाचे तरुण कलाकार होते. मधे चौदा वर्षं गेली. आपल्याला इतकी लागू नयेत असं वाटत असेल, तर या वर्षीच्या एकांकिकेचं कास्टिंग अजून व्हायचंय. सुरुवात तिथूनच करू.