‘चहापाणी’ : समाहारातील अनुक्त पद

समाहार द्वंद्वाचे उदाहरण म्हणून ‘चहापाणी’ हा शब्द आपण वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. ‘चहा, पाणी व फराळाचे इतर पदार्थ’ असा विग्रह फळ्यावर लिहिला की विषय संपतो. वास्तविक अर्थविचार तेथून सुरू व्हावयास हवा.

या समासाचे मर्म ‘इतर’ या न उच्चारलेल्या पदात आहे. ‘पाहुण्यांचे चहापाणी झाले’ या वाक्यात त्या जागी पोहे येतात. ‘चहापाण्याचे बघा’ या कचेरीतील सूचनेत लाच येते. घडण तीच, एकवचन तेच, उत्तरपदावरून आलेले नपुंसकलिंगही तेच. बदलते ते केवळ अनुक्त पद. म्हणूनच मागणाऱ्याने काही मागितलेले नसते आणि देणाऱ्याला सारे कळलेले असते. ‘चहापान’ या तत्पुरुषात अशी मोकळी जागा नाही. अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला सरकार विरोधकांना ‘चहापाना’ला बोलावते, तेथे ‘चहापाणी’ म्हटले तर हसे होईल. ‘लाचलुचपत’ हाही जोडशब्दच. परंतु तो दोष उघड करतो, आणि शासनाच्या प्रतिबंधक विभागाच्या नावात तोच आहे.

‘चहापाणी’चा हा अर्थ ग्राम्य म्हणून अभ्यासातून वगळणे मला योग्य वाटत नाही, कारण तो समासाच्या रचनेतूनच निघतो. विग्रह पाठ असलेल्या विद्यार्थ्याला ‘इतर’मध्ये कोण काय घालतो, हेही ओळखता आले पाहिजे. उद्या कचेरीच्या खिडकीशी तोच उभा राहणार आहे.